माते

पहिल्याच सकाळी चुलीपाशी उकिडवा बसून
तो म्हणाला, 'माते.'
मला वाटलं, भगवतीला हाक मारतोय.
अठरा वर्षं बोटीवर काढलेला माणूस,
उतारवयात देवाला लागला असेल.
मी हातसुद्धा जोडले.
मग त्याने पिशवीतून हिरवा भुगा काढला
आणि माझ्या पोह्यांच्या डब्यात ओतला.

वास सुक्या गवताचा, किंचित धुराचा.
म्हटलं, हे आपण प्यायचं
की गाईला घालायचं?

भोपळाही आणला होता, चांदीच्या काठाचा,
रोसारिओच्या धक्क्यावरच्या कुणा क्रेनवाल्याने दिलेला.
जैतापूरच्या हवेत तो टिकतोय कशाला!
श्रावणात आतून बुरशी धरली.
माडाच्या आळ्यात पुरला त्याने,
आणि त्या दिवशी जेवला नाही.

मग मी करवंटी घेतली,
फुटक्या बाटलीच्या काचेने तासली,
खोबरेल चोळून तीन उन्हं दिली.
बूड गोल, म्हणून काथ्याची चुंबळ.
त्याने ती कानाशी नेऊन वाजवली. काही बोलला नाही.

'अगो, पाणी उकळायचा नाय.
किटली कुजबुजली की उतर.
बोलायला लागली म्हणजे उशीर झाला.'

करवंटी पाऊण भरायची,
तोंडावर तळवा ठेवून उलटी हलवायची,
तळव्याला आलेली धूळ परसात झटकायची.
भुग्याला एका अंगाने उतार हवा,
ओहोटीनंतर पुळणीला असतो तसा.
खालच्या अंगाला आधी गार पाणी,
पाला जागा होईपर्यंत.
मग नळी रोवायची, आणि नंतर तिला हात लावायचा नाही.

मी ढवळली.
नांगर टाकलेली बोट ढकलावी
तसा तो माझ्याकडे बघत राहिला.

पहिली करवंटी करणाऱ्याने प्यायची,
कारण ती सर्वांत कडू.
हे मात्र मी दोनदा विचारून घेतलं.
या घरात करणारीने आधी तोंड लावायचं
असा नियम मी तरी कधी ऐकला नव्हता.

आणि नळी एकच.
त्याची, माझी, पलीकडच्या कासम सोलकरची,
तोही बोटीवरचाच, तेल-इंजिनातला.
सासूबाई असत्या तर उष्टं म्हणून विहिरीपर्यंत ओरडल्या असत्या.
मी नळी पदराने पुसली.
सोलकर हसला, 'वहिनी, तिकडं हा अपमान समजतात.'
पुढच्या फेरीला पुसली नाही.

वैशाखात मी मटक्यातलं पाणी घातलं,
आगळाचा एक चमचा, मिठाची कणी.
त्याने तोंड वाकडं केलं
आणि दुपारी तीनदा मागितली.
थंडीत तव्यावर साखर नि पाला,
वर चुलीतला एक निखारा;
साखर जळून खमंग झाली की पाणी, मग गाळणं.
हे त्याचंच, कुठल्याशा नदीकाठच्या स्वयंपाक्याकडून शिकलेलं.
दूध, गूळ, जायफळ ही माझी पद्धत.
'ह्याला चहा म्हणतात,' तो म्हणाला,
आणि टोपाचा तळ चाटूनपुसून घेतला.

आता सोलकरचा मुबीन बोटीवर असतो.
आला की किलोभर आणतो, न आला तर नाही.
मधल्या दिवसांत मी गवती चहा मिसळते,
त्याला कळतं, मला कळतं की त्याला कळतं.

परवा मुबीननेच सांगितलं,
तिकडे करवंटी परत देताना
कुणी आभार मानले, तर समजायचं: पुरे.
आता त्याला द्यायची नाही.
जोवर गप्प आहे, तोवर भरत राहायचं.

मी किटली उतरवता उतरवता थांबले.
एकतीस वर्षं.
ताटं, डबे, बोटीवर पाठवलेली लोणची,
दोन बाळंतपणं एकटीने.
एकदाही नाही.

हा काय खुलासा झाला? नाहीच.
वसूल करायचं ते मी करीनच कधीतरी.

पण काल संध्याकाळी, खाडीत भरती चढत असताना,
त्याने तळापर्यंत ओढली,
नळीने ती रिकामी घोरणी काढली,
आणि करवंटी माझ्याकडे सरकवली,
न बोलता.

किटली कुजबुजत होती.
मी भरली.