नमुना क्रमांक सतरा

पाणी पास झालं.
साखळीच्या पुलाखालून बुधवारी भरून आणलेलं
वाळवंटीचं पाणी, काचेसारखं.
सगळ्या रकान्यांत बरोबरची खूण.

खाणी थांबल्या तशी नदी निवळली, सगुणमामा म्हणतो.
पूर्वी पागेर झटकला की कोपरापर्यंत लाल व्हायचा,
मामी म्हणायची, हातांनीच विडा खाल्ला की काय आज.
आता कोंडाच्या तळातला खडा मोजून घ्यावा.

पण मी पाण्याला विचारत नाही.
पाणी फक्त आजचं बोलतं,
कालचं पाणी केव्हाच पणजी ओलांडून
खारट झालेलं असतं.
मी विचारते थिगुराला,
जो चिखलावर पोट टेकून राहतो,
कोंड सोडत नाही,
समोर येईल ते गिळतो
आणि गिळलेलं विसरू शकत नाही.

यकृत काढायचं. पेराएवढं.
प्लास्टिकच्या सुरीनं,
लोखंडाची सुरी साक्षीत स्वतःचं घुसडते.
वाळवायचं, तोलायचं, आम्लात सोडायचं.
तपकिरी धूर निघतो, मासा मासा राहत नाही,
उरतं चमचाभर पाणी.
पुन्हा पाणीच,
पण या खेपेला आतलं सांगणारं.

शिसं.
कॅडमियम.
मँगनीज, ज्याचं नाव मामानं ट्रकच्या चलनावर
वाचलं होतं, ड्रायव्हर होता तेव्हा.

सतरा नंबर मामाच्याच कोंडातला.
केळीच्या पानात गुंडाळून दिला, पैसे घेतले नाहीत,
"भाचीच्या कॉलेजाक" म्हणाला.
वर आणखी दोन दिले, घरी ने म्हणून.
ते मी त्याच रात्री आंबाडे घालून शिजवले,
डोकंसुद्धा चोखलं,
आणि उरलेली कढी सकाळी भाकरीबरोबर.

सतराचा आकडा आला
तेव्हा त्याची ती दोन भावंडं
तीन आठवडे माझ्यात राहत होती.
आणि त्याआधीची?
पाचवीतली, पोर्णिमेची, माझ्या बारशाची?
आकडा दुसऱ्यांदा काढला. तिसऱ्यांदा.
यंत्र जुनं आहे, पण खोटं बोलायला शिकलेलं नाही.

संध्याकाळी मामाचा फोन.
"पास जालो गे तुजो विद्यार्थी?"
हसत होता.
मागे सोमवारचा बाजार,
गाड्यांचे हॉर्न, कुणी तरी सुटे मागत होतं,
आणि त्या सगळ्यावरून मामीचा आवाज,
वाटे लावणारा:
शंभराक चार, ताजे, गोड्या पाण्याचे,
बाळंतिणीक बरे.

अहवालात शेवटी "शेरा" म्हणून रकाना असतो.
अर्ध्या ओळीचा.
मी पेनाचं टोपण काढलं, लावलं.

"गे? आयकता मगो?"

मामा, मी म्हटलं,
मामीकडे दे फोन.