लाजेचा तुकडा

शेफील्डमधलं हे आपलं चौथं.
पहिल्यात संगीत इतकं मोठं
की मी म्हणालो "कोळंबी",
आणि तू म्हणालीस, "काळं बी?"
दुसऱ्यात बटाटे आले, वर लाल सॉस ओतलेला,
सात पौंड नव्वद.
काटा हवेतच धरून तू हिशेब मांडलास:
एवढ्यात पाच किलो आले असते, शिवाय कढीपत्ता.
तिसऱ्याचं नाव काढायचं नाही
असं ट्रॅममध्येच ठरलं.

ऋजुता ग्लासगोला गेल्यापासून
गुरुवारी स्वयंपाकघरात दिवा लागत नाही.
तू हिरवं जाकीट घालतेस, मी दाढी करतो,
आणि उतारावरून खाली जातो आपण
कुणीतरी बोलावल्यासारखे.

एकतीस वर्षं आपण ताटात जेवलो.
कोशिंबीर डावीकडे, भाजी उजवीकडे,
ज्याची त्याची हद्द.
इथे मधोमध पाच चिमुकल्या बशा,
कुठली कुणाची, काही ठरलेलं नाही.
पहिल्या दिवशी तर मी एक बशी
सरळ माझ्यापुढे ओढून घेतली होती.
तू बोलली नाहीस. बघितलंस फक्त.

मग त्या तळलेल्या मिरच्या, जाड मिठाच्या.
वेटर म्हणाला, दहांत एखादी तिखट निघते,
कुठली ते आम्हालाही कळत नाही.
तू निपाणीची. हसलीस.
"यांचं तिखट ते केवढं!"
नववी तुझ्या वाट्याला आली.
डोळे भरले, नाक लाल झालं,
कबूल मात्र केलं नाहीस.

शेरीचा पहिला घोट घेऊन म्हणालीस,
लोणच्याच्या बरणीचा तळ.
आणि दुसरा ग्लास मागवलास.
माझ्यात जिन, व्हर्मूथ, काहीतरी कडू लाल,
वर संत्र्याची साल.
लहानपणी असलाच काढा
नाक दाबून फुकट पाजायचे.

तापा म्हणजे झाकण, वेटर सांगत होता.
पूर्वी म्हणे माशी पडू नये म्हणून
ग्लासवर पावाचा तुकडा ठेवायचे.
तो गेला.
तू ग्लासवर तळहात ठेवलास,
थोडा वेळ तसाच.
मग काढलास, आणि म्हणालीस,
"मला सांगलीला जाऊन राहायचं नाही."

तिसरा मजला. पूर्वेची गॅलरी.
अकरा वर्षं हप्ते फेडले मी.
पडद्यांचं माप तूच घेतलं होतंस,
स्टुलावर चढून, दातांत पेन्सिल धरून.
"माप घेतलं," म्हणालीस,
"पडदे शिवले का?"

मी ग्लासातल्या बर्फाकडे बघत राहिलो.
एकच मोठा चौकोन,
सावकाश वितळणारा.
पैसे बहुतेक त्याचेच लावत असावेत.
"दुसरा ग्लास बोलतोय असं समजू नकोस,
पहिल्यातच सांगणार होते."
आणि त्याआधी?
हे मी विचारलं नाही.
त्याआधी अकरा वर्षं होती.

वेटर बशा उचलायला आला
आणि एका बशीपाशी थबकला.
एकच क्रोकेट उरलं होतं, कडेला तेल सुटलेलं.
इन्याकी त्याचं नाव, बिल्बाओचा.
म्हणाला, आमच्याकडे याला
लाजेचा तुकडा म्हणतात.
हवा सगळ्यांना असतो,
उचलत कुणीच नाही.

आपल्याला एकदमच हसू फुटलं.
शेवटची आळूवडी आठवली असणार तुलाही,
आधी मोठ्या डब्यात, मग लहान,
मग वाटीत, वर बशी,
तीन दिवस फ्रिजमध्ये
"तू घे ना", "नको, तू घे" करत
शेवटी कुणाच्याच पोटात न गेलेली.

मी सुरीने तुकडा अर्धा केला.
नीट अर्धा झाला नाही.
मोठा तुझ्याकडे सरकवला,
तू लहान उचललास.
मोठा अजून तिथेच आहे.

शेवटच्या ट्रॅमला पाऊण तास.
चष्मा घरी विसरलीस म्हणून
यादी हातभर लांब धरून तू विचारतेस,
आणखी काय मागवू या?