सुगतकाकांची रेघ

मे महिन्यात इथे कूलरवर आवाज चढवल्याशिवाय
कुणाचं काही ऐकू येत नाही,
म्हणून आम्ही कविता जरा ओरडूनच वाचतो,
रविवारी पाचला,
अजनीच्या पुलापलीकडे, सुगतकाकांच्या दोन खोल्यांत.

आम्ही म्हणजे कधी चार, कधी सहा.
यशोधरा मेडिकलच्या रक्तपेढीत
दिवसभर पिशव्यांवर चिठ्ठ्या डकवते
आणि रात्री कवितेखाली स्वतःचं नाव घालायला घाबरते.
तनवीर मोमीनपुऱ्यात शिलाई मशिनी दुरुस्त करतो;
त्याच्या प्रत्येक कडव्यात एक टाका सुटलेला असतोच.
म्हणतो, 'मुद्दाम सोडतो भाऊ, हवा खेळाले पाहिजे.'
कुंदा बोरकुटे वाचते कमी, पोहे आणते जास्त,
पण तिने मान हलवली
की आठवडा निघतो.
आणि मी.
इतवारीत धान्याच्या गादीवर वह्या लिहितो,
जमा, नावे, जमा, नावे.

काकांनी चौतीस वर्षं रेल्वेत चाकं वाजवली.
गाडी फलाटाला लागली की हातोडी घेऊन वाकायचं,
एकेका चाकाला ठोका.
टण् वाजलं तर पुढे.
आवाज दबला, तर कुठेतरी तडा.

आमच्या कागदांवर त्यांनी कधी चूक दाखवली नाही.
लाल पेन्सिलीने एकाच ओळीखाली रेघ मारायचे,
बाकी पान तसंच परत.
एकदा मी चिडून विचारलं,
'आणि उरलेल्या एकोणीस ओळी?'
'तडे लय शोधले राजा,' ते म्हणाले,
'आता वाजते तेच आयकतो.'

मग माझे अकरा महिने कोरडे गेले.
कारण सांगण्यासारखं मोठं नव्हतं,
कुठूनतरी दोन ओळींचं नकाराचं पत्र,
त्यातही माझं आडनाव चुकलेलं.
रविवारी जायचो, ऐकायचो,
कुंदाचे पोहे खाऊन परत यायचो.
कुणी जोर केला नाही.
फक्त रोज रात्री अकराला यशोधराचा निरोप:
'लिव्हलं का काही?'
'नाही.'
'बरं. उद्या इचारतो मंग.'
तीनशे तीस वेळा तरी विचारलं असेल तिने.
एकदाही उद्गारचिन्ह घातलं नाही.

त्याच सुमारास साखरेने काकांचे डोळे नेले,
आधी अक्षरं, मग माणसं.
पेन्सिल मात्र खिशात राहिली.

परवाच्या रविवारी मी चार ओळी नेल्या.
वाईट होत्या, मला माहीत होतं,
पानाच्या वरच्या कोपऱ्यात घाबरून बसलेल्या.
वाचल्या.
काकांनी हात पुढे केला, कागद मांडीवर घेतला,
बोटांनी कड चाचपली
आणि सावकाश रेघ मारली,
पार खाली,
जिथे काहीच लिहिलेलं नव्हतं.

कूलर चालू होता.
कुंदाने बशीतला चमचा उगाच सरळ केला.
यशोधरा काही बोलणार होती, बोलली नाही.
शेवटी तनवीर वाकून म्हणाला,
'जागा बरोबर धरली काका.'

रात्री गच्चीवर फरशी अजून चटके देत होती.
कागद गुडघ्यावर घेऊन बसलो.
लाल रेघ, थोडी तिरपी,
वळणावरच्या रुळासारखी,
आणि तिच्यावर ऐन एका ओळीपुरती जागा.
अकराला फोन थरथरला.
'लिव्हलं का काही?'
'थांब,' मी कळवलं. 'लिहितोय.'
पलीकडून काही आलं नाही.
पण दोन वाजेपर्यंत ती जागी दिसत होती.

आज ती ओळ काकांना वाचून दाखवली.
ते गप्प.
मग पाण्याच्या स्टीलच्या पेल्यावर
नखाने एक ठोका दिला,
कान कलता करून
आवाज पार विरेपर्यंत ऐकला.
'जाऊ द्या गाडी,' म्हणाले.

तेवढ्यात कूलरमधलं पाणी संपलं,
आणि बादली कुणी आणायची
यावरून आमचं भांडण सुरू झालं.