अंगठ्याचा डाग

छत्तीस वर्षं फोर-एच.
पिंपरीच्या ड्रॉइंग ऑफिसात
रेघ म्हणजे रेघ: ब्लेडनं तासलेली, टोचेल अशी,
टी-स्क्वेअरला टेकून मुकाट चालणारी.
ट्रेसिंगवर अंगठा उमटला
तर मोडकसाहेब शीट परत पाठवायचे,
एक शब्द न बोलता,
डागाभोवती लाल गोल करून.

आता कोथरूडच्या या गॅलरीत
तोच अंगठा कामाला लावलाय.

अप्पा बळवंत चौकातून सिक्स-बी आणली.
दुकानदार म्हणाला, नातवाला का?
म्हटलं, हो.
पहिल्या दिवशी नुसते चौकोन,
पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत दहा.
सातवा आणि आठवा सारखेच आले.
आठवा गडद केला, तर नववा त्याच्यासारखा.
असं करत करत
दहाव्याला कागद फाटला.

मग कोळसा.
वेताळ टेकडीवरच्या निरगुडीच्या वाळक्या काड्या
बिस्किटाच्या डब्यात, झाकण ठोकून, भाजल्या.
पहिल्या खेपेला राख.
दुसऱ्या खेपेला खालचे सोवनी वर आले,
"काही जळतंय का हो?"
"अभ्यास," म्हणालो.
तिसऱ्या खेपेला निघाल्या अकरा,
हलक्या, काळ्या,
एकमेकींवर आपटल्या की काचेसारख्या किणकिणणाऱ्या.

समोर किटली. जुन्या बाजारातली,
अ‍ॅल्युमिनियमची, डाव्या कुशीत पोचा.
आधी बाह्यरेषा काढली. सवय.
मग ती मोडायला घेतली.
कापसानं पुसली तर धुकं.
कागदाच्या सुरळीनं घोटली तर शिसवी लाकूड.
बोटानं पुसली, तर बोटाचं तेल लागून
असा डाग, की पावाच्या गोळीनंही उचलेना.
रेघ गेली.
किटली कुठे संपते ते सांगता येईना
आणि छत्तीस वर्षांत पहिल्यांदा
कुणी विचारणारही नव्हतं.

कुमुदिनी आली
दिव्याच्या बटणांवरचे काळे ठसे मोजत.
चष्मा कपाळावरून खाली घेतला.
"पोटाखाली एवढं काळं कुठे असतं?
ओट्याचा उजेड उलटा चढतो तिथे.
चाळीस वर्षं घासतेय मी. मला विचारायचं."

विचारलं नव्हतं.

तिनं माझ्या बशीतला पाव घेतला,
चिमटीत कणकेसारखा मळला,
आणि काळ्यात,
अगदी कडेला नाही, कडेच्या जरा आत,
एकदाच ओढला.

किटली कागदावरून उठली असं लिहिणार होतो,
पण ते खोटं.
गोल झाली, एवढंच.
मी मात्र खुर्चीत मागे सरकलो.

फवारा मारून पक्कं करायचं असतं म्हणे.
सुनेचा हेअर-स्प्रे चालतो, तोही आणून ठेवलाय.
अजून मारलेला नाही.
पंख्याच्या वाऱ्यानं थोडा थोडा कोळसा
रोज फरशीवर उतरतो.

खाली उजव्या कोपऱ्यात
हातानंच चौकट आखली गेली, कंपनीतल्यासारखी:
'काढलं' पुढे माझी सही.
'तपासलं' पुढे
पाव ठेवताना टेकलेला
तिचा अंगठा.