एक्केचाळिसावा डबा

चाळीस डबे भरते मी रोज
मेडिकलच्या पोरापोरींचे.
चार पोळ्या, भाजी, वरण, भात.
बुधवारी अंडाकरी, अंडी दोन,
तिसरं हवं तर वरचे आठ रुपये.
इमामवाड्यात माझ्या मापावर कोणी बोट ठेवत नाही.
पोळी नुसती उचलली की सांगते
कणीक मी मळली, की कांताबाईनं.

आणि घरात तक्षशीला,
सोळा वर्षांची, पंधराशे मीटर धावणारी,
दीड पोळीवर ताट सरकवायची.
"झालं?"
"हाव. जड होते वो मग."
मला वाटलं, धावणाऱ्यांचं असंच असेल.
हरणं कुठं जेवून पळतात.

कुठल्याशा स्पर्धेत कोणीतरी बोललं होतं तिला,
दोन किलो उतरव, चार सेकंद उतरतील.
पोरगी उतरवत बसली.
सेकंद उतरले खरे.
मग ते परत चढले,
किलो मात्र फिरून आले नाहीत.
नडगी ठणकायला लागली.
लांजेवार सर म्हणाले, बूट बदला.
बदलले. बत्तीसशेचे, हप्त्यानं.

कपाटात पॅडचं पाकीट होतं, जानेवारीत आणलेलं.
मे लागला. कूलरला नवी खस लावली,
जुना माठ फुटला, नवा पाझरायला लागला,
पाकीट तसंच.
चिमूटभर मीठसुद्धा मोजणारी मी,
एवढं एक मोजायचं राहिलं.

डॉक्टरीण माझ्याच डब्यावर शिकलेली, तीन वर्षं.
फी घेतली नाही. रागावली मात्र पोटभर.
कागदावर लिहून दिलं:
वजन त्रेचाळीस.
कॅलरी रोजच्या, निदान चोवीसशे.
प्रथिनं सत्तर ग्रॅम.
"पोरगी उधारीवर धावते आहे, मावशी.
शरीर आधी पाळी बंद करतं,
मग हाडं विकायला काढतं."
खानावळवालीला उधारी शिकवावी लागत नाही.

त्या रात्री दुधाच्या बिलामागे हिशेब मांडला.
अंड्याचे सहा, तीन अंडी, अठरा.
वाटीभर घट्ट वरणाचे सात.
(आमचं वरण घट्ट नसतं. सात खोडून चार केले.)
मूठभर फुटाणे सहा, शेंगदाणे सात,
दूध सहा.
सोयाबीनच्या वड्या पन्नास ग्रॅम: पंचवीस.
चष्मा पुसून परत वाचलं. पंचवीसच.
आणि मी त्या शुक्रवारी वाढते
भाजी महागली म्हणून, नजर चुकवून.

तिला काही बोलले नाही.
बुद्धपौर्णिमेला विहारात खीर वाटायला बसवलं.
समोरच्या भिंतीवर ते चित्र,
सिद्धार्थाच्या फासळ्या, एकेक मोजून घ्याव्या अशा,
आणि वाटी पुढे धरलेली सुजाता.
लहानपणापासून पाहिलेलं. त्या दिवशी बराच वेळ पाहत होती,
पळी हातात तशीच, रांग खोळंबली.
"आई, किती दिली असंल वो तिनं?"
"काय?"
"खीर. माप काय असंल?"
"पोटभर," म्हटलं. "तिच्यापाशी कागद नव्हता."
हसली. पातेल्याची खरवड
बोटानं पुसून खाल्ली.

आता एक्केचाळिसावा डबा असतो, लाल दोरा बांधलेला.
पहाटे पाचला रेशीमबागेच्या मैदानावर सोबत जातो,
पळणं झाल्यावर घाम वाळायच्या आत उघडायचा, असा करार.
कधी रिकामा येतो.
कधी एक अंडं परत येतं, पोळीखाली दडवलेलं.
मग मी भांडते, ती भांडते,
कांताबाई रेडिओ मोठा करते.
सेकंद अजून उतरले नाहीत.
सर विचारतात, मी म्हणते, उतरतील, नाहीतर नाही.

ऑगस्टात एका सकाळी पाकीट फुटलेलं दिसलं.
ती बोलली नाही, मीही नाही.
किराण्याच्या यादीत
तूरडाळीखाली लिहिलं,
पॅड, एक.
मग एकाचे दोन केले.