सांधणी

जिन्याखालच्या माझ्या दुकानात
दोघं बसली तर तिसऱ्यानं उभंच राहायचं.
मे महिना. नवी पेठ भर दुपारी ओस,
पंखा गरम हवा इकडची तिकडे करतो, बस्स.
तेव्हा यादगिरी चिलका आले.
एका खिशात बटणांचा फोन, रबरबँड गुंडाळलेला,
दुसऱ्यात नवा, पोरानं भिवंडीहून धाडलेला,
काचेवरचं प्लास्टिकसुद्धा न काढलेला.

"यातलं सगळं यात पाहिजे."
नंबर?
"नंबर पाठ हायेत की. मेसेज."

केबल लावली. जुना कॉम्प्युटरला, कॉम्प्युटर नव्याला.
हिरवी पट्टी सरकू लागली.
मी लोकांचे मेसेज वाचत नाही,
पण पट्टीखालून एकेक ओळ पळते
आणि डोळे तर मिटून घेता येत नाहीत:
सिलिंडर निघाला आहे.
खात्यात सहाशे जमा.
लाईट नाही, पाळी बंद, येऊ नका.
लाईट आली, या.
लाईट गेली.

"आमच्यात याला सांधणी म्हणतात," ते पट्टीलाच म्हणाले.
बीम संपत आलं की
जुन्या ताण्याचं एकेक टोक
नव्या ताण्याच्या एकेक टोकाला,
बोट ओलं करून, चिमटीत पीळ देऊन.
अडीच हजार टोकं. मान वर नाही.
टॉवेलच्या कारखान्यात एकतीस वर्षं.

एखादं सुटलं तर?
"कापड थांबत न्हाई गं. कापड होतंच.
नुसती एक रेघ जाते, पार शेवटापर्यंत."

पट्टी भरली.
होते दोन हजार दोनशे चौदा.
आले दोन हजार दोनशे अकरा.

तीन म्हणजे काहीच नाही काका, मी म्हटलं,
कंपनीच्या जाहिराती असतील.
त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.
दोन्ही फोन काउंटरवर शेजारी शेजारी,
दोन अंगठे, एक जुन्यावर, एक नव्यावर,
आणि ओठांत तेलुगू आकडे.
चहा आला, त्याच्यावर साय धरली.
दोन गिऱ्हाइकं काच बदलून गेली.
समोरच्या दुकानाची सावली आमच्या पायरीवर चढली
तेव्हा बोट थांबलं.

तिन्ही एकाच नंबरावरून.
तिन्ही कोरे.

मी हसले, खरं तर सुटल्यासारखी.
यात काहीच नाही काका,
मजकूर नसला की मशीन रिकामं समजून सोडून देतं.

"रिकामं न्हाई ते. बालामणीचं हाय."

तिला लिहिता येत नव्हतं.
विड्या पास झाल्या, मजुरी हातात आली
की अशोक चौकातून दाबायची बटण.
कोरा आला म्हणजे निघाली.
मग हे भात टाकायचे.
असे किती आले, किती पुसले फोन भरला म्हणून,
हे तीन ठेवले.
तीन हेच का, ते त्यांनी सांगितलं नाही.

मी आवाज हलका केला. आणि आता... काकू?
"आता? पोराकडं. व्हिडिओवर तासतास बोलती.
कान किटतात."

एक टिंब टाकू का तिन्हींत? टिंब असलं तर येतील.
त्यांनी खरंच विचार केला.
"टिंब तिचं न्हाई."

तेवढ्यात माझा फोन वाजला,
मागून टॅब, मागून लॅपटॉप,
एकच ओळ तीन काचांवर उजळली:
अफरीन, खाई क्या?
ते दचकून तिन्हीकडे बघत राहिले.
"किती आया गं तुला?"
एकच. सगळीकडे पोचते.
"आणि जबाब?"

जुना ठेवून जाता का, दीडशे मिळतील,
हे मी विचारणार होते.
पण त्यांनी दोन्ही फोन पाठीला पाठ लावले,
वरून तोच रबरबँड, एक वेढा जास्त,
आणि एकाच खिशात घातले. खिसा लोंबला.
पैसे मोजून ठेवले. उन्हात उतरले.

मग मी अम्मीला कोरा पाठवून बघितला.
बटण राखाडी, दाबलं तरी दबेना.
शेवटी लिहिलं, हौ, खाई.
डबा अजून उघडायचा होता.