लिलावघरातली परात

मी तक्ते आणले होते. रंगीत. चौदा.
प्रोजेक्टरची वायर भिंतीपर्यंत पोचेना.
गॅलिशियाच्या त्या लिलावघरात मासळीचा वास नव्हता,
त्यानंच सगळ्यांना कसंतरी होत होतं.
एकोणीस दिवस तराजू कोरडा.
बायका रबरी बूट घालूनच बसलेल्या,
कुणी हाक मारली तर उठून कड्यावर जायचं जणू.

मी म्हटलं, हायड्रोकार्बन.
मागे कुणी खोकलं.
मी म्हटलं, बाष्पीभवन, पायसीकरण, जैविक विघटन.
दोसिंदा उतेइराल हात वर न करता बोलली :
"पोरी, आम्ही त्याला चापापोते म्हणतो.
ते जातं कुठं, तेवढं सांग."

तक्ते गुंडाळले.
बर्फाची परात मागवली, समुद्राचं पाणी ओतलं,
आणि बाटलीतलं काळं, एकच थेंब.

बघा, पसरतोय.
हा सप्तरंगी तवंग केसाहून बारीक;
केस उभा शंभरदा चिरला तर त्यातला एक काप, तेवढा.
म्हणून विमानातून दिसणारा अफाट पट्टा
कधी नुसतं एक पिंप असतो,
आणि लहानसा काळा डाग, अख्खी टाकी.
आकाराला फसू नका. रंग वाचा.

पहिल्या रात्री डोकी दुखली ना तुमची?
ते त्यातलं हलकं, हवेत गेलेलं.
हलकं उडतं. जड मागे राहतं.
"घरोघरी तेच," कोपऱ्यातून कुणीतरी.
थोडे हसले. एकोणीस दिवसांत पहिल्यांदा, म्हणे.

बरणीत तेल नि पाणी घालून
पुढे बसलेल्या ब्राइसला दिली. नऊ वर्षांचा.
हलव. लाट हो.
तो लाट झाला. हात भरून येईस्तोवर झाला.
बरणीतलं तपकिरी पडलं, दाट आलं,
डावानं वाढता येईल असं,
आणि फुगलं.
जहाजानं सांडलं त्याच्या तिप्पट चौपट तुम्ही उपसताय,
कारण त्यात तुमचाच समुद्र अडकलाय.

मग पीस बुडवलं.
पक्षी विषानंच मरतो असं नाही,
बऱ्याचदा गारठून मरतो.
पिसांचे आकडे सुटतात, पाणी कातडीला भिडतं,
तो चोचीनं अंग निरपू लागतो
आणि निरपता निरपता गिळतो.
इथं कुणी हसलं नाही.

"वरून साबण मारा की!" शुर्शो ओरडला.
मी परातीत दोन थेंब टाकले. तवंग फाटला, गायब.
टाळ्या पडल्या.
मला त्या टाळ्या नको होत्या.
दिसेनासं झालंय, नाहीसं नाही.
पाखरांच्या अंगावरचं माशांच्या अंड्यांवर ढकललं आपण.
कधीकधी तेही करावं लागतं,
पण कुणाच्या वाट्याचं कुणाला दिलं, हे कळून.

आणि खाणारेही आहेत. डोळ्यांना न दिसणारे.
तेलावर त्यांची पंगत बसते, लाखोंची.
पण हवा लागते त्यांना.
दगडाखालच्या काळोखात
भरलं ताट समोर, आणि उपाशी.

"म्हणजे किती वर्षं?"
माहीत नाही, मी म्हटलं.
चौदा तक्त्यांत हे कुठंच नव्हतं.
दोसिंदानं परातीत बोट बुडवलं,
अंगठ्याला चोळून पाहिलं,
आणि खुर्ची पुढे ओढून घेतली.

तेव्हापासून दर मार्चला, मोठ्या ओहोटीत,
कोर्वेइरोच्या खाडीत पहार घालून
ती तोच दगड उलटते. तोच, शेंदरी शिरेचा.
खालची चिमूटभर वाळू मुरंब्याच्या बरणीत मला पाठवते.
माझ्या फळीवर सात बरण्या आहेत.
सातवी काल उघडली :
पहिल्या रात्रीचा वास, तस्साच.
झाकणावर तिचं तिरपं अक्षर,
तारीख, भरतीची वेळ, आणि खाली

हलकं अजून उडालेलं नाही.